माजी सैनिकांचे काम आणि आपला मोहल्ला

प्रजासत्ताक दिन जवळ आला की उर्दू शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते. त्यात एक नाव ठरलेले असते, वीर अब्दुल हमीद. शिक्षक म्हणून अशी कितीतरी भाषणे मी मुलांना लिहून दिली आहेत. १० सप्टेंबर १९६५, खेमकरण भागातले असल उत्तर, जीपवर बसवलेली तोफ, पॅटन रणगाडे आणि मरणोत्तर परमवीर चक्र. मुले हे सगळे एका दमात म्हणतात, टाळ्या पडतात आणि विषय पुढच्या जानेवारीपर्यंत संपतो.

या भाषणात रसूलन बीबी कधी येत नाहीत. त्या हमीद यांच्या पत्नी. २६ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हातून त्यांनी ते पदक स्वीकारले. त्यांचे निधन झाले ऑगस्ट २०१९ मध्ये. म्हणजे पतीच्या मागे त्या जवळपास ५४ वर्षे जगल्या. गाजीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर गावात पतीची आठवण टिकावी म्हणून त्या म्हातारपणापर्यंत धडपडत राहिल्या. २०१७ च्या स्मृतिदिनाला तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत त्या गावी आले, तेव्हा त्या थकलेल्या होत्या, पण हजर होत्या.

रणांगणावरची लढाई काही दिवसांत संपते. सैनिकाच्या घरची लढाई मात्र पुढे कित्येक वर्षे चालते. निवृत्तिवेतन, मुलांची शाळा, आजारपण, घराचा कर, कागदावरचे चुकलेले नाव, अशी ती लढाई असते. माजी सैनिकांच्या संघटना ज्याला समाजकार्य म्हणतात, त्याचा मोठा भाग हाच आहे. आपल्या समाजाने लढाईचा पहिला भाग पाठ केला आहे आणि दुसऱ्या भागाशी आपला संबंधच उरलेला नाही, असे माझे मत आहे. नाशिकमध्ये राहून हा संबंध तुटलेला असणे आपल्याला फार महागात पडते आहे.

काम नेमके काय असते?

नाशिकला लोक कुंभमेळा, द्राक्षे आणि कांद्यासाठी ओळखतात, पण हे फौजेचेही शहर आहे. देवळालीची छावणी ब्रिटिश काळापासूनची. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांमुळे इंग्रजीला ‘डूलॅली’ हा वेडसर या अर्थाचा शब्द मिळाला, तो या देवळालीवरूनच. आज देवळालीत तोफखान्याची शाळा आहे, नाशिकरोडला तोफखाना केंद्र आणि लष्करी वैमानिकांची प्रशिक्षण शाळा आहे, ओझरला एचएएलचा विमान कारखाना आहे. साहजिकच निवृत्तीनंतर इथेच घर केलेले फौजी शहरात सगळीकडे भेटतात. बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभा असलेला रखवालदार, सोसायटीचा सेक्रेटरी, पहाटे मैदानावर पोरांना पळवणारा काका, यांच्यापैकी कोणीतरी माजी सैनिक निघतोच.

साधा शिपाई पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून ऐन पस्तिशी-चाळिशीत घरी परततो. मुले शाळेत असतात, आईवडील थकलेले असतात आणि नोकरीची दुसरी खेळी शून्यातून सुरू करायची असते. सरकारने त्याच्यासाठी साखळी उभी केली आहे. दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड, पुण्यात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि जिल्हा पातळीवर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. योजनाही बऱ्याच आहेत. १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. पंतप्रधान शिष्यवृत्तीत माजी सैनिकाच्या व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये मिळतात. निवृत्तिवेतन नसलेल्या, वयाची ६५ वर्षे ओलांडलेल्या गरीब माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला मिळणारे मासिक अनुदान ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने ४,००० वरून ८,००० रुपये झाले. मुलीच्या लग्नासाठीची मदत ५० हजारांवरून एक लाख झाली. घरपट्टीतून सूट देणारी राज्य सरकारची योजना २०२० मध्ये आली. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्यांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार वेगळे मानधन देते.

पण योजना कागदावर असणे आणि ती ऐंशी वर्षांच्या बाईच्या हातात पडणे, यात मोठे अंतर असते. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीवर गेले आहे. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, मोबाईल क्रमांक जोडायचा, ओटीपी सांगायचा, पीपीओवरचे नाव आधारशी जुळवायचे. इथे कामाला येते ती माजी सैनिकांची संघटना. कुठल्यातरी छोट्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायली घेऊन बसलेला एखादा निवृत्त सुभेदार किंवा हवालदार. तो अर्ज भरून देतो, रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून देतो, सोबत चला म्हणतो. विजय दिवसाला पुष्पचक्र वाहणे, रक्तदान, वृक्षारोपण यांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. अर्ज भरून दिल्याचा फोटो येत नाही. मला विचाराल तर या संघटनांचे सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

याच लोकांनी ‘एक पद, एक निवृत्तिवेतन’ ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २०१५ च्या उन्हाळ्यात म्हातारे सैनिक दिल्लीच्या जंतरमंतरवर पदके लावून बसले. ७ नोव्हेंबर २०१५ ला सरकारी आदेश निघाला. त्यातल्या त्रुटींवर भांडण पुढेही चालू राहिले. शिस्तीत, कागद हातात ठेवून, न थकता हक्क मागायचा कसा, हे शिकायचे असेल तर आपल्या वस्तीतल्या तरुण कार्यकर्त्यांनी या म्हाताऱ्यांकडे बघावे.

निकाहनामा, स्पेलिंग आणि पेन्शन

आता आपल्या घरांकडे येऊ. फौजेत गेलेले मुस्लिम नाशिक जिल्ह्यात, खानदेशात, नगरला, साताऱ्याकडे होते आणि आहेत. ही काही उत्तर प्रदेशातून आयात केलेली परंपरा नाही. १९०८ साली मेजर आर. एम. बेथम यांनी ब्रिटिश भारतीय सैन्यासाठी एक माहितीपुस्तिका तयार केली, तिचे नावच ‘मराठाज अँड दख्खनी मुसलमान्स’ असे आहे. भरती करणाऱ्या गोऱ्या साहेबाला मराठा आणि दख्खनी मुसलमान हे एकाच मातीतले, एकाच पुस्तकात मांडण्याजोगे शिपाई वाटले. त्या साहेबाचे हेतू त्याच्यापाशी. पण आपले आजोबा-पणजोबा मराठी बोलत फौजेत गेले, एवढे तरी आपल्याला माहीत असायला हवे.

या घरांचे कागद कुठे अडतात ते मला जवळून दिसते. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून लोक कागद वाचून घ्यायला येतात. सर्वांत जास्त गोंधळ नावाचा. इंग्रजीत शेखची तीन-चार स्पेलिंग होतात, सय्यदची त्याहून जास्त. बाईच्या नावापुढे एका कागदावर ‘बी’, दुसऱ्यावर ‘बेगम’, तिसऱ्यावर काहीच नाही. डिस्चार्ज बुकात मेहरुन्निसा, आधारवर मेहरून बी आणि बँकेत नुसतीच मेहरून. आपल्या दृष्टीने ही एकच बाई आहे. संगणकाच्या दृष्टीने त्या तीन आहेत आणि तिघींपैकी एकीलाही पेन्शन नाही.

दुसरा अडथळा निकाहनाम्याचा. फौजेत लग्न झाले, मूल झाले की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ने सैनिकाच्या रेकॉर्डवर चढते. ती नोंद नोकरीत असतानाच झाली तर ठीक. राहून गेली आणि सैनिक वारला, तर त्याच्या बायकोला आपण बायको असल्याचे सिद्ध करत बसावे लागते. तिच्याकडे पुरावा काय? काझीसाहेबांच्या रजिस्टरमधला उर्दू निकाहनामा, शाई फिकी पडलेला, तारीख कधी हिजरी. टेबलापलीकडचा कारकून तो वाचू शकत नाही. तो वाईट माणूस असतो असे नाही, त्याला लिपी येत नाही. इकडे त्या बाईला इंग्रजी येत नाही. मधे कोणीच नसल्यामुळे अर्ज पडून राहतो.

हा मधला माणूस आपल्याकडे आहे. प्रत्येक उर्दू शाळेत आहे, प्रत्येक मदरशात आहे. हिजरी तारीख इसवी सनात करून देणे, निकाहनाम्याचा मराठी तर्जुमा करणे, एकाच व्यक्तीची दोन नावे असल्याचे प्रतिज्ञापत्र करायला सोबत जाणे, याला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. लागते ती माजी सैनिक संघटनेच्या त्या टेबलाशी ओळख. संघटनेकडे लष्करी कागदांचे ज्ञान आहे, आपल्याकडे उर्दू कागदांचे. दोघांची गाठ पडत नाही आणि मधल्या मधे एखादी बाई अनुदानाशिवाय मरते.

नाशिकरोडची मोफत शिदोरी

दुसरी गोष्ट तरुणांची. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिकरोडला आहे. लष्करात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेनंतर एसएसबीची मुलाखत द्यावी लागते. चार-पाच दिवस चालणाऱ्या त्या कसोटीत भलेभले गळतात. महाराष्ट्रातल्या उमेदवारांना त्या मुलाखतीची तयारी हे केंद्र करून देते. शिकवणे, राहणे, जेवण, सगळे मोफत. जात-धर्माची अट नाही. अट एवढीच की सीडीएससारखी लेखी परीक्षा पास केलेली असावी किंवा एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असावे आणि एसएसबीसाठी नाव आलेले असावे. निवडीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे लागते. वर्षातून अनेकदा याची निवेदने मराठी वर्तमानपत्रांत आतल्या पानावर छापून येतात. उर्दू वर्तमानपत्र वाचणाऱ्या घरात ती पोहोचत नाहीत.

मुलींसाठी तर नाशिकचे महत्त्व आणखी वाढले आहे. छत्रपती संभाजीनगरला मुलांची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून आहे. एनडीएत जाऊ इच्छिणाऱ्या मुलांची तयारी ती करून घेते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली झाली, २०२३ मध्ये राज्य सरकारने मुलींसाठी तशीच संस्था सुरू केली, ती आपल्या नाशिकमध्ये. मे २०२५ मध्ये एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्या आपल्या मुलींना आपण डीएड, बीएड आणि फार तर फार्मसी एवढ्याच वाटा सांगतो. ही वाट सांगितली तरी पाहिजे. जायचे की नाही, ते त्या ठरवतील.

वाट सांगितली की मोहल्ल्यातून पहिला प्रश्न येतो, “आपल्याला घेतील का?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. सच्चर समितीने २००६ मध्ये सैन्यातल्या मुस्लिमांची संख्या विचारली तेव्हा केवढा वाद झाला, आम्ही धर्मावरून मोजणी करत नाही असे लष्कराने म्हटले, हे लोकांना आठवते. डिसेंबर २०१६ मध्ये हवाई दलातल्या एका मुस्लिम जवानाची दाढी ठेवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, हेही आठवते. या गोष्टी घडल्या आहेत. त्यांच्यावर मतभेद असू शकतात, पण त्या लपवून तरुणांना पाठवणे बरोबर नाही.

मात्र त्याच फौजेत मौलवीचे पदही आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? धर्मगुरू म्हणून ज्या भरत्या निघतात त्यात पंडित, ग्रंथी, पाद्री, बौद्ध भिक्खू आणि मौलवी असतात. दर्जा जेसीओचा, म्हणजे नायब सुभेदाराचा. मौलवीच्या जागेसाठी पदवीसोबत अरबीतले मौलवी आलिम किंवा उर्दूतले अदीब आलिम लागते. जी सनद घेऊन आपला मुलगा मोहल्ल्यातल्या मक्तबात तुटपुंज्या पगारावर राबतो, त्याच सनदीवर सरकारी वर्दी मिळू शकते. अग्निवीरांच्या संगणकीय परीक्षेलाही २०२५ पासून तेरा भाषांची मुभा आहे, त्यात मराठी आहे आणि उर्दूही आहे. तेव्हा “घेतील का” या प्रश्नाचे उत्तर अर्ज केल्यावरच कळेल. पुरेसे अर्जच गेले नाहीत, तर भेदभाव झाला की नाही हेसुद्धा सांगता येत नाही.

माझा अनुभव असा की मुले अडतात ती धर्मापेक्षा गणित, इंग्रजी आणि धावण्यावर. १६०० मीटरची तयारी एका महिन्यात होत नाही. आपल्या संस्थाचालकांना एक प्रश्न विचारायला हवा. आपल्या किती उर्दू शाळांत एनसीसीचे युनिट आहे? ‘सी’ प्रमाणपत्रावर लेखी परीक्षेशिवाय एसएसबीला जाता येते आणि एनसीसीच नसेल तर ते दार बंद होते.

परत येणारे अग्निवीर

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, त्यानंतर चौथा हिस्सा मुले कायम, बाकीची घरी. घरी येणाऱ्याच्या हातात सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये असतील, पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. वय असेल बावीस ते सत्तावीस. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला सुरू झाले, म्हणजे चार वर्षांचे गणित २०२७ च्या आसपास पूर्ण होते.

सैनिक कल्याणाची सगळी व्यवस्था ‘माजी सैनिक’ या व्याख्येवर उभी आहे आणि हे तरुण त्या व्याख्येतच बसत नाहीत. माजी सैनिक संघटनांपुढे हा खरा प्रश्न आहे. या मुलांना आपले म्हणायचे की नाही? नियमावलीत नसले तरी त्यांना सभासद करून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. हाताला बंदुकीची सवय, खिशात एकदम आलेला पैसा आणि पुढे नोकरी नाही, अशा तरुणाला कोणाचा तरी हात खांद्यावर हवा असतो. तो हात संघटनेचा नसेल तर कोणत्या तरी नेत्याचा किंवा बिल्डरचा असेल. या मुलांमध्ये शेतकऱ्यांची मुले असतील, आदिवासी असतील, आपलीही काही असतील. त्यांचे निवृत्तिवेतन आपण आणू शकत नाही, पण पुढचे शिक्षण, पोलीस भरतीची माहिती, सेवानिधी कुठे गुंतवायचा याचा सल्ला, एवढे तर देता येते.

राळेगणचा धडा, दोन्ही बाजूंनी

माजी सैनिकाने गावासाठी काय करावे याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. अण्णा हजारे १९६३ मध्ये फौजेत ट्रकचालक म्हणून भरती झाले. १९६५ च्या युद्धात ते खेमकरण भागात होते, ज्या भागात अब्दुल हमीद शहीद झाले तिथेच. १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतल्यावर त्यांनी गावच्या यादवबाबांच्या मंदिरापासून सुरुवात केली, कारण गाव तिथे जमत होते. पुढे श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, नसबंदी ही पंचसूत्री आली, बांध-बंधारे झाले आणि दुष्काळी गावात पाणी थांबले. पुढच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, त्या पाण्याबद्दल वाद नाही.

त्याच राळेगणमध्ये दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचेही प्रकार झाले आणि अण्णांनी ते लपवले नाहीत, उलट त्यांचे समर्थन केले. मला ते पटत नाही. बराकीत हुकूम चालतो, वस्तीत चालत नाही. माजी सैनिकांच्या कामाचे बळ त्यांच्या शिस्तीत आहे आणि धोकाही तिथेच आहे. “आम्ही सीमेवर होतो” या वाक्याने वाद मिटवता येतो, पण माणसे जोडता येत नाहीत. तसेच निवडणुकीच्या काळात पदके लावलेल्या म्हाताऱ्यांना स्टेजवर पहिल्या रांगेत बसवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यापासून संघटनांनी दूर राहावे. फौज कोणत्याही पक्षाची नसते. मग तिच्या निवृत्तांची संघटना एका पक्षाची झाली तर तिच्या टेबलाशी यायला अर्ध्या गावाचा पाय अडखळतो.

आपल्या वस्तीचा पाय तर हमखास अडखळतो. कार्यक्रमाची सुरुवात एकाच धर्माच्या विधीने झाली, भाषणात इतिहास सांगताना बोट एकाच दिशेला गेले, की तिथे आलेला मुस्लिम माणूस पुढच्या वेळी येत नाही. तो भांडत नाही, फक्त येत नाही. याचा उपाय संघटनांना बाहेरून शिकवायची गरज नाही. फौजेच्या अनेक पलटणींत सर्वधर्मस्थळ असते, एकाच छताखाली. ज्यांनी आयुष्याची वीस वर्षे तिथे माथा टेकवला, त्यांनी तोच रिवाज गावात आणावा, एवढेच मागणे आहे.

दोन्हीकडून काय करता येईल

आपल्या बाजूने करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. लाल, गडद निळ्या आणि आकाशी रंगाचे छोटे ध्वज शाळांमध्ये येतात, मुलांकडून पैसे गोळा होतात, पावती फाईलला लागते. त्या दिवशी शाळेने जवळच्या एखाद्या माजी सैनिकाला बोलवावे आणि भाषण न ठेवता मुलांना दोन तास प्रश्न विचारू द्यावेत. पगार किती होता, रोज्याला काय करायचात, भीती वाटली का, घरी आल्यावर काम मिळाले का. मुलांना अशा उत्तरांतून कळते.

मशिदीच्या ट्रस्टींनी जुम्याच्या एलानात महिन्यातून एकदा या योजनांचा उल्लेख करावा. आपल्या गल्लीत फौजेतून आलेले किंवा फौजीची विधवा असलेले कोणी आहे का, याची यादी करायला जुन्या नाशिकला किंवा वडाळा गावाला आठवडाही लागणार नाही. बैतुलमालमध्ये लिल्लाह जमा होणाऱ्या रकमेतून गरजू मुलाचे बूट, परीक्षेचा प्रवासखर्च निघू शकतो. मालेगावात यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी पळणाऱ्या पोराला एवढा आधारही पुष्कळ असतो. आणि माझ्या पेशातल्या लोकांनी, उर्दू शिक्षकांनी, महिन्यातला एक रविवार कागद वाचून देण्यासाठी ठेवावा.

संघटनांच्या बाजूनेही दोन गोष्टी हव्यात. योजनांचे एक पानी पत्रक उर्दूतही काढावे, तर्जुमा आम्ही फुकट करून देऊ. आणि हयातीच्या दाखल्यांचे शिबिर वर्षातून एकदा आमच्या वस्तीत घ्यावे, जागा आम्ही देऊ.

यावर आपलेच काही लोक म्हणतील की पुन्हा देशभक्तीचे प्रमाणपत्र मागायला चालला आहात. तसे नाही. पेन्शनचा अर्ज भरणाऱ्या बाईला कोणाकडून प्रमाणपत्र नको असते, तिला तिचे पैसे हवे असतात. प्रशिक्षण केंद्रात जाणारा मुलगा कर भरणाऱ्या बापाचा मुलगा आहे, ते केंद्र त्याचेही आहे. हक्क मागणे आणि खिदमत करणे या दोन्ही गोष्टी बरोबरीच्या नात्याने होतात. प्रमाणपत्र मागणारा आणि देणारा बरोबरीचे कधीच नसतात. अब्दुल हमीद यांचे नाव आपण ढालीसारखे वापरत राहिलो, तर आपण अजून कोणाच्या तरी आरोपाला उत्तर देत उभे आहोत एवढेच दिसते.

सगळ्या पोरांनी फौजेत जावे असेही मी म्हणत नाही. युद्ध हे शेवटी युद्ध आहे, आणि ज्या घरातला माणूस जातो त्या घराला ते विचारावे. मी म्हणतो ते फक्त इतकेच, की जे गेले होते आणि जे परत आले, त्यांच्या घरांची विचारपूस आपण करावी, आणि ती विचारपूस आधीपासून करणाऱ्या लोकांच्या शेजारी जाऊन बसावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सोमवारी उघडते. आपल्या गल्लीत अशा घराची माहिती असेल तर त्यांचे कागद घेऊन तिथे जा. कागद उर्दूत असतील तर आधी माझ्याकडे आणा.